मोहाखालची हाक

समोरच्या राईस मिलच्या आवारात आज कुणीतरी ताडपत्री अंथरून मोहफुलं वाळत घातली आहेत. खिडकी लावून घेतली तरी वास आत येतोच. हा वास एकदा आला की महिनाभर मुक्काम ठोकतो. उशीला येतो, चहाला येतो, धुतलेल्या केसांना येतो. बाहेरगावच्या लोकांना तो आंबूस वाटतो, डोकं धरतं म्हणतात. माझं डोकं धरत नाही. मला आधी भूक लागते आणि मग रडू येतं. गेल्या वर्षीपर्यंत नुसती भूक लागायची. रडू यंदाचं आहे.

मी चित्रकलेची शिक्षिका होते. ‘ड्रॉइंगवाल्या बाई’. शाळेत चित्रकलेचा तास म्हणजे गणिताचा राहिलेला धडा उरकायची जागा होऊन बसली, तेव्हा म्हटलं, आपण तरी खुर्ची कशाला अडवा? नोकरी सोडली आणि सिंदेवाहीत मिलसमोर दोन खोल्या घेऊन राहिले. एकटीच. लग्न केलं नाही, त्याची कारणं आता मलाही नीट आठवत नाहीत. रोज मोबाईलवर एक व्हिडिओ करते, मिनिटभराचा. रील नाही. हे आधीच सांगितलेलं बरं, नाहीतर लोक लगेच विचारतात, “नाचता का, बाई?”

विषय काही मोठा नसतो. मिलमधून उडणारा कोंडा आणि त्यातून तिरपं येणारं ऊन. ट्यूबलाइटवरची पाल, तिला मी एका पावसाळ्यात इतकी पाहिली की ती दिसली नाही तर चुकल्यासारखं व्हायचं. उतू जाणारं दूध. त्यासाठी खरंच पातेलंभर दूध उतू घातलं आणि मग शेगडी पुसत स्वतःला शिव्या घालत बसले. दोरीवर ओली पातळ साडी वाळत घालायची आणि तिच्या मागे मोबाईल ठेवायचा, की रस्त्यावरचे सायकलवाले, शेळ्या, बाजाराला निघालेल्या बाया सगळी पाण्यातून चालल्यासारखी जातात. एका दिवाळीत जुना प्रोजेक्टर विकत आणला आणि मिलच्या पांढऱ्या भिंतीवर दिवेलागणीला पालीचा व्हिडिओ लावला. बघायला एक शेळी आली. तीही भिंतीला अंग घासायला आली होती.

पुण्याचा भाऊ फोनवर म्हणतो, “रिकामा न्हावी भिंतीला तुंबड्या लावी.” मी म्हणते, अरे, मला निदान भिंत तरी आहे. हसतो दोघंही. पण फोन ठेवल्यावर लागायचं ते लागतंच. आपण केलेलं कुणी पाहत नाही ही गोष्ट हसून सांगता येते, रोज सोसता येत नाही. संध्याकाळी त्या दिवसाचा व्हिडिओ मीच लावते, मीच पाहते आणि मीच म्हणते, “बरा झाला.” तेही म्हणताना आधी घसा खाकरावा लागतो, कारण सकाळपासून तोंडातून शब्द निघालेला नसतो.

तर गेल्या वर्षी फाल्गुनात मनाने घेतलं, मोह पडताना व्हिडिओत घ्यायचा.

मोहाचं फूल कुणी तोडत नाही. ते आपलं आपण पडतं, पहाटे, अंधार फिटायच्या आत सुरू होतं आणि ऊन चढेस्तोवर पडत राहतं. जंगलातलं एकेक झाड एकेका घराचं असतं. सातबाऱ्यावर नाही हो, तोंडी. आज्यापणज्यापासून ठरलेलं, आणि दुसऱ्याच्या झाडाखालचं फूल कुणी उचलत नाही. मोसमाआधी झाडाखालचा पालापाचोळा जाळून जमीन साफ करून ठेवतात. त्या काळ्या भुईवर ती फिकट पिवळी, रसाने टरारलेली फुलं पडतात. मला ते काळ्यावरचं पिवळं हवं होतं.

तासाभरावर जंगलाच्या कडेला एक गाव आहे, तिथे मी पूर्वी शिकवायला जायची. पहिल्या बसने गेले. गावाबाहेरच्या मोठ्या मोहाखाली एक म्हातारी टोपली घेऊन उकिडवी बसली होती. ही जानोबाई.

“काय व बाई, काय पायते?”

“मोह पडताना पाहायचाय.”

“आता? आता काय पाहाचं? पडून गेला तो. तू बसमंधी झोपली होती तवाच पडला.”

मी मोबाईल काढला तशी तिने झर्रकन पदर तोंडावर ओढला. पदराआडून म्हणाली, “हात काढ, पाय काढ, टोपली काढ, झाड काढ. माहं तोंड नाई काढाचं. कबूल?”

“कबूल.”

“घे मायची आन.”

“माझी आई नाही आता.”

“मंग तं आन अजून पक्की,” ती म्हणाली, आणि पदर खाली घेऊन वेचायला लागली.

तिला तोंडाचं एवढं काय होतं, ते मग कळलं. काही वर्षांपूर्वी साहेब लोक गाडीने आले होते. तिला मोहाखाली टोपली घेऊन उभी केली, “हसा आजी” म्हणाले, फोटो काढला आणि गेले. पुढे कुठल्याशा योजनेच्या भल्यामोठ्या फ्लेक्सवर ती तालुक्याच्या चौकात टांगली गेली. तिला पत्ताच नाही. पावसाळा आला, फ्लेक्स उतरला, आणि आमच्याकडे फ्लेक्स कधी वाया जात नाही. कुणाच्या तणसाच्या ढिगावर जातो, कुणाच्या गोठ्यावर. एकदा ती नातेवाइकांकडे दुसऱ्या गावी गेली, तर तिथल्या शेळ्यांच्या गोठ्यावर तिचंच तोंड. उलटं.

“वर कोंबडा बसला होता, बाप्पा!” ती सांगायची. “माह्या कपाळावर. हागून ठेवलं होतं त्यानं.” सांगताना स्वतःच खदखदून हसायची. पण तो फ्लेक्स तिने मुलाला पाठवून सोडवून आणला, आणि मोसमाआधी झाडाखालचा पाला पेटवला त्यात जाळून टाकला. “असा घान वास सुटला, का काय सांगू! म्हनलं, जाऊ दे. माहं तोंड मीच जाळलं. आता कोनाच्या बापाचं नाई.”

म्हणून जानोबाईचं तोंड कसं होतं, हे मी इथेही लिहिणार नाही. कबूल केलंय.

तिचे हात लिहिते. बोटं लांब, पेरांशी गाठी आलेली, मोहाच्या चिकाने काळपट झालेली. फूल उचलताना ती मूठ करायची नाही; तीन बोटांनी टिपायची आणि तळहातात साठवायची, तळहात भरला की न बघता मागे टोपलीत. पितळी बांगड्या कोपराकडे सरकवलेल्या. पाय अनवाणी, टाचांना भेगा, आणि उकिडवी सरकताना मातीत उमटणारी दोन पावलांची खूण, जिच्यावर लगेच नवीन फूल पडायचं. या खुणांचाच एक व्हिडिओ मी केला होता. तो खरंच बरा झाला.

पहिल्या बसने जाऊन काही उपयोग नाही हे दिसल्यावर मी तिच्याच घरी राहायला गेले. घरात ती एकटी. मुलगा आणि सून तेलंगणात मिरची तोडायला गेलेले. पोटापाण्याला दर साल जातात आणि मोह संपता संपता परततात. पडवीत तिची खाट, आत माझी. अंगणभर मोह पसरलेला, पहिल्या दिवशी पिवळा, मग तपकिरी, मग मनुकांसारखा. संध्याकाळी ती वाळलेली मूठभर फुलं भाजून, कुटून, जवसात मिसळून मला लाडू द्यायची. “खा. शहरातल्या बायांच्या अंगात जीव नाई रायत.” सिंदेवाहीला शहर म्हणणारी ती पहिलीच. मी पण सुखावून शहरातली झाले.

तिच्या घरी राहायला लागले तेव्हा कळलं की मोहाची पहाट नुसती वासाची नसते, आवाजाची असते.

या जंगलात वाघ आहे. आहे म्हणजे आहेच, त्यात सांगण्यासारखं काही नाही. अंधारात वेचायला बसलेली वाकलेली बाई वाघाला जनावरासारखी दिसते म्हणतात. म्हणून बाया आपापल्या झाडाखाली पांगल्या की एकमेकींना हाक देत राहतात. या टोकाची बाई ओरडते, “हाये का व?” पुढच्या झाडाखालची म्हणते, “हाये व!” आणि तीच हाक पुढे ढकलते, “हाये का व?” अशी हाक झाडाझाडावरून जंगलात आत जाते आणि तशीच परत येते. हात थांबत नाहीत. कुणी मान वर करत नाही. पण हाक आली की ओ द्यायचीच. ओ आली नाही तर टोपल्या टाकून सगळ्या त्या झाडाकडे धावतात, काठ्या घेऊन, डबे वाजवत.

मला हे कुणी सांगितलं नव्हतं. रोजचंच, ते काय सांगायचं? तिसऱ्या की चौथ्या पहाटे मी पलीकडच्या बाजूला मोबाईल लावून बसले होते. फुलं टपटप पडत होती, आवाज असा स्वच्छ येत होता की मी श्वाससुद्धा जपून घेत होते. व्हिडिओत माझा आवाज येऊ द्यायचा नाही हा माझा पहिल्यापासूनचा नियम. जानोबाईची हाक आली, “हाये का व, बाई?” मी गप्प. पुन्हा आली. मी गप्प. मनात म्हटलं, एवढं मिनिट होऊ दे. तिसरी हाक आली नाही. आली ती जानोबाईच, हातात काठी, लुगडं खोचलेलं, आणि तिच्या मागे चार झाडांच्या बाया डबे बडवत.

मला धडधाकट बसलेली पाहून ती खालीच बसली. बराच वेळ नुसती धापा टाकत होती. मग सुटली. “मेली म्हनलं मी तुले! नेली म्हनलं! तोंडात का मोह भरला होता का तुह्या? हाक मारली तं ओ द्याची, येवढं बी शिकवलं नाई का तुले कोनी?”

“रेकॉर्डिंग चालू होतं,” मी म्हटलं.

“आग लाव तुह्या रेकार्डिंगले!”

बाया हसत पांगल्या. ती दिवसभर माझ्याशी बोलली नाही. संध्याकाळी लाडू ठेवला तोही ताटाशी आपटून. मला मात्र आत कुठेतरी, लाज वाटते सांगायला, बरं वाटत होतं. आपण ओ दिली नाही म्हणून कुणी काठी घेऊन धावत आलं, असं माझ्या बाबतीत फार वर्षांत झालं नव्हतं. मिलसमोरच्या खोलीत मी दोन दिवस ओ दिली नाही तर दूधवाला तेवढा वैतागेल.

त्यानंतर मी हाकेला ओ द्यायला शिकले, पण मोबाईल चालू नसेल तेव्हाच. चालू असला की एक हात उंच करून दाखवायचे. जानोबाईला ते पटलं नाही. “तू बोलत काऊन नाई व? तुहा मोबाईल सारं आयकते, पन ओ काई देत नाई. अन् तू बी त्याच्यासारखीच.”

माझे प्रयोग मी तिला दाखवायचे. फूल पडताना संथ करून दाखवलं: देठापासून सुटतं, हवेत गिरकी घेतं, येतच राहतं. ती पाहत होती आणि तिची बोटं चुळबुळ करत होती. “इतकं सावकाश पडलं तं टोपली भरता भरता पोया येईन,” ती म्हणाली. म्हणजे थेट श्रावणातला पोळा. मग उलटं करून दाखवलं. भुईवरची फुलं एकेक उठून झाडावर जाऊन बसतात. मला वाटलं, आता हरखेल. ती भडकली. “अवं, वापस काऊन चढवते? कंबर माही मोडली वेचता वेचता!” मग म्हणाली, “लाव पुन्हा एक खेप.” पुन्हा लावलं. “असं मानसाचं करता येते का व?” तिने विचारलं. मी म्हटलं, व्हिडिओत येतं. तिचा नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती.

माझे व्हिडिओ इतक्या मन लावून पाहणारं आणि इतकी नावं ठेवणारं माणूस मला पुन्हा मिळालं नाही. मोह संपला तशी मी परत आले. निघताना म्हणाली, “पुढच्या साली येजो. अन् एक बॅटरी आनजो, माही मेली.” मी दिवाळीतच तिच्यासाठी चांगला टॉर्च घेऊन ठेवला. तो अजून कपाटात आहे, खोक्यात.

यंदा मोहाचा पहिला वास आला त्याच आठवड्यात, दुपारी, दार वाजलं. दारात एक उन्हाने करपलेला माणूस, हातात वाळलेल्या लाल मिरच्यांची पिशवी.

“म्याडम, मायच्या झाडाखाली बसत होत्या, त्या व्हिडिओवाल्या बाई तुम्हीच का जी?”

जानोबाईचा मुलगा, मनिराम. मी हसून ‘या’ म्हटलं, आणि आई कशी आहे म्हणून विचारलंही. तो चप्पल काढता काढता थांबला.

“माय गेली जी. माघात. ताप आला, अन् दोन रोजात गेली.”

मी स्वयंपाकघरात पाणी आणायला गेले आणि तिथेच उभी राहिले. बाहेर येऊन बसले तेव्हा तो भिंतीकडे बघत बोलत होता. फोन आला तेव्हा तो मिरचीच्या वावरात होता. गाडी लवकर मिळाली नाही. पोचला तोवर माती देऊन झाली होती. “लोकं तरी किती थांबतीन जी? थांबले, बिचारे. पन मायचं तोंड पाहाचं रायलं माहं.” घरात फोटो एकही नाही. आधार कार्डावर आहे तो नुसता काळा डाग, नाक कुठे नि डोळे कुठे. आणि फ्लेक्स तर तिने स्वतः जाळलेला. तो सोडवून आणणारा हाच. “गावातले म्हनते फ्लेक्स बनव, चौकात लाव. मले नाई बनवाचा. मले मालूम हाये मायचं. मले फक्त एक खेप पाहाचं हाये. तुमच्याजवळ असन म्हनलं. महिनाभर होत्या तुम्ही.”

मी सांगितलं, माझ्याकडे सगळं आहे, तोंड नाही. तिने घेऊ दिलं नाही.

“मंग जे हाये ते दाखवा.”

दाखवलं. हात. पाय. टोपली. मातीतल्या खुणा. आवाज. तो मोबाईल दोन्ही हातांत धरून, दुधाचं भांडं धरावं तसा, पाहत राहिला. एका जागी बांगड्यांचा हात थांबून कपाळावरचा घाम पुसायला वर जातो आणि चित्राच्या बाहेर जातो. तिथे त्याने मान तिरकी करून वर पाहिलं, जणू मोबाईलच्या कडेबाहेर राहिलेलं तोंड तसं दिसेल. मग म्हणाला, “माय बोलून रायली. हाक मारून रायली. तुम्ही इथीच होत्या ना? मंग ओ काऊन देत नाई?”

“रेकॉर्डिंग चालू असतं ना. माझा आवाज यायला नको म्हणून.”

“अस्सं,” तो म्हणाला. एवढंच. जानोबाईसारखा ओरडला असता तर बरं झालं असतं.

मिरच्या ठेवून तो गेला. मी इतकी मोठी कलाकार, महिनाभर एका बाईच्या समोर कॅमेरा लावून बसले आणि तिच्या लेकाला दाखवायला माझ्याकडे तिचं तोंड नाही. शब्द पाळल्याचं समाधान वाटायला हवं होतं. कशाचं काय! राग आला. तिचा, माझा, त्या साहेब लोकांचा, कोंबड्याचासुद्धा.

मग शोधायला बसले. गेल्या मोसमातलं सगळं मी पाहिलेलंच नव्हतं. मी काही पुसत नाही. शिक्षिकेची खोड, फळासुद्धा जिवावर येऊन पुसायची. दुपारमागून दुपार पडदा ओढून बसायची आणि तिच्या हातांत, सावलीत, पाण्याच्या लोट्यात कुठे तोंड सापडतं का बघायची. घरात मोहाचा वास आणि मिरचीचा ठसका. जेवायचं राहून जायचं. तिचा आवाज सगळीकडे. “हाये का व, बाई?” आणि पुढे नुसती टपटप. पुन्हा, “हाये का व?” आणि टपटप. माझा नियम मी कसोशीने पाळला होता. त्या सबंध जंगलात सगळ्यांचा आवाज होता, एक माझा नव्हता.

आणि एका व्हिडिओत सापडलं. काखेत कळसा, गावाला वळसा. तो मी वाया गेलेला म्हणून सोडून दिला होता, कारण त्याची सुरुवात नुसता काळोख आहे. त्या पहाटे मी मोबाईल झाडाखाली भुईवर उताणा ठेवला होता, वर काचेचा तुकडा, फुलं थेट अंगावर पडताना दिसावीत म्हणून, आणि स्वतः ओढ्यावर तोंड धुवायला गेले होते. काळोख हळूहळू निळा होतो. फांद्या दिसायला लागतात. एक फूल येऊन काचेच्या कडेला बसतं आणि आभाळाचा एक कोपरा झाकतं. मग बांगड्या वाजतात, पदर सळसळतो, आणि जानोबाई वाकून आत बघते. पुरी. कपाळापासून हनुवटीपर्यंत. पदराने काच पुसते, आणखी खाली वाकते आणि विचारते,

“हाये का व कोनी अंदर?”

थांबते. खरंच थांबते, ओ येईल म्हणून. मग म्हणते, “नाई देत ओ,” आणि काचेवरचं फूल टिपून घेते. पुन्हा आभाळ.

मी तो पाहिला आणि मोबाईल पालथा घातला. आता? तोंड काढायचं नाही हा शब्द. मी काढलं नव्हतं, तीच आली होती. पण असला वकिली युक्तिवाद तिच्यापुढे टिकला नसता, तिने काठीच उचलली असती. दाखवलं तर शब्द मोडतो. नाही दाखवलं तर लेकाचं राहिलेलं कायमचं राहतं, आणि तिचं तोंड जगात एकटी मी पाहणार. हे दुसरं मला जरा हवंसं वाटत होतं, तेही सांगून टाकते. इतकी माणसं बघितली मी कॅमेऱ्यातून. कॅमेऱ्यात वाकून मला कुणी शोधलं नव्हतं.

दोन दिवस घोळ घातला. मग वाटलं, तिला चीड होती ती चौकाची आणि गोठ्याची. लेक म्हणजे काही चौक नव्हे.

तेवढा तुकडा कापून वेगळा केला आणि आदल्या संध्याकाळीच गावात जाऊन शेजारणीकडे राहिले. पहाटे बायांबरोबर निघाले. मनिराम झाडाखाली होता. यंदा तो मिरची अर्ध्यावर सोडून आला आहे. झाडाला माणूस नाही म्हणून. पाला जाळून भुई काळी करून ठेवलेली, आईसारखीच. पलीकडून हाक आली, “हाये का?” आणि तो बसल्या बसल्या म्हणाला, “हाये जी!”

झुंजुमुंजू झाल्यावर मी मोबाईल त्याच्या हातात दिला. सांगितलं, तिने स्वतःहून बघितलंय, मी घेतलेलं नाही.

त्याने पाहिलं. तुकडा छोटा, संपला की आपोआप पुन्हा सुरू व्हायचा. काच पुसते. वाकते. “हाये का व कोनी अंदर?” तो रडला नाही. पहिल्यांदा नुसता बघत राहिला. दुसऱ्यांदा त्याचे ओठ हलले. तिसऱ्यांदा, सरळ, घरात बोलावं तसं तो म्हणाला, “हाव माय. हाये.”

मी म्हटलं, तुमच्या मोबाईलवर पाठवते. त्याने मान हलवली. “नको जी. माह्या मोबाईलमधून कुठी जाईन, कोनाले मालूम. मायले आवडत नाई. तुमच्याजवळच राहू द्या. मी येत जाईन पाहाले.” आणि फुलं तर पडत होती, ती काही थांबत नाहीत. त्याने मोबाईल बंद केला नाही. झाडाखाली, साफ केलेल्या भुईवर उताणा ठेवला, आणि त्याच्या भोवतीने वेचायला लागला.

जानोबाई आता भुईवरून वर, आपल्या झाडाकडे पाहत होती. फूल पडलं की तो येऊन टिपून घ्यायचा. दर थोड्या वेळाने खालून हाक यायची, आणि तो जिथे असेल तिथून, हात न थांबवता, मान वर न करता ओ द्यायचा. “हाव माय.” पुन्हा हाक. “हाये माय, हाये.” पलीकडच्या झाडाखालच्या बायांचे हात थांबले होते. त्यांनीही ओळखला होता तो आवाज.

ऊन फांद्यांत आलं. टोपली भरली तशी ती रिकामी करायला तो पोत्याकडे गेला, झाडाच्या पार पल्याड. तेवढ्यात खालून हाक आली. “हाये का व कोनी अंदर?” त्याला ऐकू गेली नाही. ती थांबली, तशीच, काचेवर वाकून.

मी घसा खाकरला.

“हाये व बाई,” मी म्हटलं. “मी हाये.”